आठचा आकडा

“पाय टेकला,” परीक्षक म्हणाला.

“नाही टेकला.”

“मी पाहिलं ना, बाई. आठ पूर्ण व्हायच्या आत डावा पाय खाली आला. नापास.”

तिनं मोपेड स्टँडला लावली आणि हेल्मेट काढलं. तिच्या आधीच्या पोरानं आठच्या वळणावर एक शंकू चक्क आडवा केला होता, तरी तो पास. रांगेतली माणसं उगाच आभाळाकडे बघायला लागली.

“बूट दाखवू का? धूळ तरी लागलीय का बघा.”

“पुढच्या खेपेला या,” परीक्षक म्हणाला आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं.

ती नर्स होती. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. आधीच्या गावात तिनं याच मोपेडवर कितीतरी उन्हाळे-पावसाळे काढले होते. तेव्हा एवढ्याशा गाडीला लायसन्स लागतच नसे. बदलीमुळे बिऱ्हाड या गावात आलं, आणि त्याच सुमारास नियमही बदलला. छोटी असो की मोठी, परीक्षा दिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. तिला तो नियम पटलाही होता. रस्त्यावरून उचलून आणलेली डोकी तिनं कमी शिवली नव्हती.

पण इथल्या दवाखान्यानं तिला सांगितलं, लायसन्स येईपर्यंत फेऱ्या बंद. तोवर केसपेपर काढा.

दुसऱ्या खेपेला तिचा पाय जागचा हलला नाही. परीक्षक म्हणाला, “इंडिकेटर उशिरा दिलात.”

“वेळेवर दिला.”

“परीक्षक तुम्ही की मी?”

दवाखान्यात परतल्यावर तिनं केसपेपरचा गठ्ठा टेबलावर आदळला. हेडसिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाली, “अगं, त्या मेल्याचं तू काय घोडं मारलंयस?”

“मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असणार. दुसरं काय!”

“बायका गाडीवर बसलेल्या बघवत नाहीत काहींना.”

“बाकीच्या बायका पास होतात की! आजच एक पास झाली. वाकडीतिकडी चालवत होती. माझ्यावरच खार.”

हेडसिस्टरनं सुस्कारा टाकला. “टेकडीपलीकडच्या आजोबांचा आजही निरोप होता. पायाची जखम चिघळलीय म्हणतात. तिकडे बस जात नाही. पाठवू तरी कुणाला?”

त्या रात्री स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

नवऱ्यानं ताटातलं संपवलं, हात धुतले. मग म्हणाला, “एवढं मनाला कशाला लावून घेतेस? मी सोडत जाईन तुला दवाखान्यात.”

“आणि पेशंटच्या घरी कोण सोडणार?”

“घरोघर हिंडायलाच हवं का आता? सावलीतलं काम मिळालंय, कर की. बाकीच्या बायका देव पाण्यात घालून बसतात असल्या कामासाठी.”

“मला नकोय ते काम.”

“बरं बाई,” तो म्हणाला. “पण नियम म्हणजे नियम.” आणि त्यानं बातम्या लावल्या.

तिसऱ्या खेपेला ती एकदाही चुकली नाही. आठ सुबक निघाला. चढावर गाडी तसूभरही मागे आली नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तर टाळी वाजवली.

“वळताना आरशात बघितलं नाहीत,” परीक्षक म्हणाला.

“बघितलं.”

“मला दिसलं नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेडसिस्टर होती. आजोबांना शेजाऱ्यांनी खाटेवर घालून आणलं होतं. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टर म्हणत होते, आठवडाभर आधी कुणी जखम धुतली असती तर पाय वाचला असता.

तिनं फोन ठेवला. परीक्षकाकडे एकदा नीट पाहिलं. मग हेल्मेट हातात घेऊन ती थेट इमारतीत शिरली आणि लायसन्स ऑफिसच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या केबिनचं दार तिनं न विचारता उघडलं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे बोलल्या नाहीत, पाणीही मागवलं.

“तुमचा संताप कळतो मला,” त्या म्हणाल्या. “पण परीक्षकाच्या निर्णयात मला हात घालता येत नाही. ते नवीन आहेत इथे, पण माणूस काटेकोर. एकही तक्रार नाही.”

“मग दुसरा परीक्षक द्या.”

“तीही सोय नाही. उद्या जो तो आपल्या मर्जीतला माणूस मागेल.”

“म्हणजे मी घरी बसायचं असं एका माणसानं ठरवलं, की मी बसायचं? एका म्हाताऱ्याचा पाय जाणार आहे, बाई! तुमच्या नियमांत त्याच्यासाठी काहीच नाही?”

मोठ्या बाई ओशाळल्या. “एकच अपवाद आहे. परीक्षक उमेदवाराचा नातेवाईक असेल, तर त्याला परीक्षा घेताच येत नाही. त्यानं आपणहून सांगायला हवं. लपवलं तर नोकरीवर येतं. पण तो नियम आहे वशिल्यानं पास करू नये म्हणून. तुमच्या बाबतीत त्याचा काय उपयोग?”

तिनं मान वळवली. खिडकीतून मैदान दिसत होतं. परीक्षक कलंडलेला शंकू सरळ करत होता. “ऑफिसात ओळख दाखवायची नाही, लोक वशिला म्हणतील,” असं पहिल्याच दिवशी तिला बजावलं गेलं होतं, आणि तिलाही ते खरं वाटलं होतं.

तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

“उपयोग आहे, बाई. नवरा आहे तो माझा. आजचा डबासुद्धा मीच भरून दिलाय.”