शीतपिंड दोष

गुरू आणि नेपच्यून यांच्या दरम्यान भरकटणाऱ्या बर्फाळ गोळ्यांवर पूर्णिमाने सहा वर्षं डोळे फोडून पीएचडी केली, आणि नोकरी मिळाली ती खराडीतल्या एका कंपनीत, लग्नाच्या पत्रिका जुळवणाऱ्या ॲपवर.

"मॅडम, मंगळाला आता कुत्रंही भीत नाही," मीटिंगमध्ये तिचा साहेब शुभंकर म्हणाला. "एखादा फ्रेश दोष द्या ना. तुमचे ते बर्फाचे गोळे आहेत की!"

तिला शिसारीच आली. तिरीमिरीत तिने त्याच्यासमोरच टाइप केलं: 'शीतपिंड दोष. जातकाचा संसार गारठतो. उपाय: एकवीस शनिवार आइस्क्रीम वर्ज्य.' हे वाचून तरी याला लाज वाटेल, अशी तिची भाबडी आशा.

"एक नंबर!" शुभंकरने टाळी वाजवली. संध्याकाळपर्यंत दोष ॲपवर चढलासुद्धा.

दोन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी ती घरी आइस्क्रीमची वाटी घेऊन बसली होती, तेवढ्यात आईने मोबाइल तिच्यापुढे आपटला. चिंचवडच्या स्थळाने नकार कळवला होता. सोबत पूर्णिमाची पत्रिका, आणि तिच्याखाली लाल अक्षरांत तिचंच वाक्य.

"आई, अगं हे थोतांड मीच लिहिलंय! साहेबाचा राग आला म्हणून!"

आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं.



"गोळ्यांवर पीएचडी असेल तुझी, पत्रिकेतलं काय कळतं तुला? ठेव ती वाटी खाली. आज शनिवार आहे."