परतीची धून

हॅलिफॅक्सच्या उन्हाळी कार्निव्हलमध्ये काल लुटुपुटूची लढाई रंगात आली असताना तोफ फुटली, आणि पलटणीच्या बँडात ढोल वाजवणारा मर्डो जागीच गेला. त्याच्या आंधळ्या आईचं काळीज दुबळं. तिला इतक्यात कळू देऊ नका, असं डॉक्टरांनी सून इफीला बजावलं. कार्निव्हलच्या पाहुण्यांचा विरस नको म्हणून आज सकाळी पलटणीने त्याला घरासमोरच्याच रस्त्याने, बँड न वाजवता, गुपचूप दफनभूमीकडे नेलं. इफी दफनाला न जाता सासूच्या उशाशी बसून राहिली.

तासाभराने बँड परतला. उडत्या चालीची धून वाजवत.

"कसली गं ही मिरवणूक?" सासूने विचारलं.

"कार्निव्हलची, आई. आपला मर्डो सगळ्यांत पुढे आहे. काय ढोल बडवतोय म्हणून सांगू!"

म्हातारीने चाचपडत सुनेचा हात धरला.

"त्याच्या बापाला पुरून पलटण परतली, तेव्हा हीच वाजत होती, पोरी. नेताना रडवी धून, येताना हसरी, अशी रीतच आहे त्यांची."



म्हातारीने रस्त्याकडे तोंड वळवलं. "रडवी मला ऐकूच आली नाही गं. माझ्या लेकराला तेवढीही नाही दिली?"