उसनी हजेरी

"हात दाखवा," भरपाई कार्यालयातल्या अधिकारी बाई म्हणाल्या.

बारक्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. दहाही बोटं जागच्या जागी होती. बाईंनी समोरचा कागद पाहिला, पुन्हा हात पाहिले. अपघाताच्या नोंदीप्रमाणे बारक्याच्या उजव्या हाताची तीन बोटं दीड महिन्यापूर्वी पुठ्ठा कापायच्या मशीनखाली गेली होती.

"म्हणजे कागदावरचा हात तुमचा नाही."

"नाही, मॅडम."

हात वकिलाचा होता. खरा वकील नव्हे. खोक्यांच्या कारखान्यात सकाळी ज्या मशीनवर तो उभा राहायचा, त्याच मशीनवर दुपारी बारक्या. फाटकाजवळ लागलेला प्रत्येक कागद हा गडी खालच्या सहीशिक्क्यापर्यंत वाचायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. रजा किती, दंड कशाला, डबा खायला वेळ किती, सगळं तोंडपाठ. बारक्याला बारक्या का म्हणत हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तो दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडायचा.

कारखान्यात उसनी हजेरी चालायची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी. एखाद्याला काम निघालं की दुसरा आपली पाळी संपल्यावर थांबायचा, त्याचं कार्ड यंत्रात सरकवायचा आणि त्याच्या जागी उभा राहायचा. पुढे कधीतरी परतफेड व्हायची. फोरमन काणाडोळा करायचा. पण फाटकावर पाटी होती: दुसऱ्याचं कार्ड वापरल्यास दोघांनाही कामावरून काढण्यात येईल.

त्या दिवशी बारक्याला मेहुण्याबरोबर एक जुनी मोटारसायकल बघायला जायचं होतं. बस, एवढंच. गाडी पसंतही पडली नाही. दोघं चहा पिऊन माघारी फिरले, तोवर सकाळपासून उभ्या असलेल्या वकिलाची बोटं बारक्याच्या कार्डावर गेली होती. फोरमनने स्वतःची मान सोडवायला कार्डावरचंच नाव नोंदवलं. वकिलाच्या बायकोने भरपाईचा अर्ज केला, तेव्हा दोन कागदांचा मेळ बसेना.

आदल्या दिवशी बारक्या त्यांच्या घरी गेला होता. वकील डाव्या हाताने जेवायला शिकत होता. निम्मा घास ताटाबाहेर सांडत होता आणि वहिनी न बघितल्यासारखं करत होत्या. बारक्याला ते बघवेना.

"मी उद्या खरं काय ते सांगून टाकतो," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" वकील म्हणाला. "पाटी वाचलीस ना? अदलाबदल कळली की दोघंही घरी. दुसऱ्याच्या कार्डावर मला भरपाई तशीही मिळत नाही. मग तू कशाला मरतोस? मी लिहून दिलंय, तुझा खाडा पडू नये म्हणून कार्ड मीच घेतलं, तुला न विचारता. तू फक्त म्हण, मला माहीत नव्हतं."

त्याच वेळी बारक्याने ठाम नाही म्हणायला हवं होतं. तो गप्प बसला, आणि गप्प बसून त्याला थोडं हायसंही वाटलं. पुढे आयुष्यभर त्याला लाज वाटली ती त्या हायसं वाटण्याची.

"कार्ड तुम्ही दिलं होतं का?" बाईंनी विचारलं. शेजारी कारखान्याचा कारकून पेन उघडून बसला होता. "दोघांचं आपसांत ठरलं होतं?"

बारक्याच्या डोळ्यांपुढे पाटी आली. मग मुलीची शाळा आली. मग पुन्हा पाटी.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

त्याने जबाबावर सही केली. कारकुनाने प्रत घेतली, बाईंचे आभार मानले आणि लगबगीने निघून गेला. दार लागल्यावर बाईंनी चष्मा काढला.

"जबाबाआधी मला काही सुचवता येत नाही. आता सांगते. ठरलं होतं म्हणाला असतात, तर त्यांची भरपाई आज मंजूर झाली असती."

"पण मॅडम, ती पाटी..."

"पाटी कारखान्याची. कायद्याला ती लागू नाही. माणूस कामावर होता आणि कामानेच लागलं, एवढं मला पुरतं. कार्ड कुणाचं होतं याच्याशी मला कर्तव्य नाही. पण कुणाला न विचारता तो तिथे घुसला, असं तुम्ही दोघांनीच लिहून दिलंत. मग तो कामावर नव्हताच."

"आणि मला काढलं असतं ना?"

"एवढ्यावरून काढता येत नाही. चार दिवस बिनपगारी घरी बसवलं असतं. फार तर."

बारक्या उठून उभा राहिला. "मग फाडा तो कागद. मी दुसरा देतो."

"शपथेवरचा जबाब आहे. प्रतही गेली. आता बदललात तर दोघंही खोटं बोललात, एवढंच सिद्ध होईल." बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बारक्याला बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर वकील वाट बघत होता. हात गळ्यात अडकवलेला. बारक्याला बघताच तो खुशीत उठला.

"सुटलास ना? मी म्हटलं नव्हतं! अरे, नियम माहीत पाहिजेत माणसाला."

बारक्या त्याच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत राहिला.

"बघतोस काय नुसता? दीड वाजला, पाळीला पळ." वकिलाने डाव्या हाताने त्याला जिन्याकडे ढकललं आणि हसला. "आणि खाडे बंद हं आता. तुझ्या जागी उभं राहायला मी नाही यापुढे."