तिसऱ्या मजल्यावरचे साहेब

“चल, आज मीही येतो. बघू तरी तुझ्या मैत्रिणी,” म्हणत साहेबांनी सुजलेला पाय बुटात कोंबला.

साहेब म्हणजे तिचा नवरा. वाहतूक खात्यातून निवृत्त झाले, तरी घरातली शिट्टी अजून त्यांच्याकडेच होती.

“पाय दुखेल तुमचा.”

“दुखू दे.”

“तिथली कॉफी फार कडू असते.”

“असू दे.”

खांद्याला अडकवलेली पर्स तिने दोनदा शोधली.

पहिलाच परदेश प्रवास, आणि उतरल्या दिवशीच हॉटेलच्या पायरीवर साहेबांचा पाय मुरगळला. गोळी घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर आडवे झाले. मग ती एकटीच इमारतीखालच्या कॅफेत जाऊन बसली. मालकिणीने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून खुणेनेच विचारलं, जोडीदार कुठाय? तिने डोळे मिटले, तळहातावर गाल टेकवला आणि बोट वर केलं. वर झोपलेत, एवढंच तिला सांगायचं होतं.

मालकीण काउंटर सोडून धावत आली आणि तिने हिला मिठीच मारली. कोपऱ्यावरच्या फुलवालीने पांढरी फुलं दिली. विणत बसलेल्या आजीने हिचा हात धरला तो सोडेचना. केवढं हे अगत्य, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी मालकिणीने गळ्यातल्या साखळीत ओवलेली पुरुषाची अंगठी दाखवली, डोळे मिटले, तळहातावर गाल टेकवला आणि बोट आभाळाकडे केलं. तेव्हा कुठे हिच्या डोक्यात प्रकाश पडला.

सांगायला हवं होतं. पण इतक्या मायेने तिला कुणी जवळ घेतल्याला किती वर्षं लोटली होती? घरी दिवसभरातलं बोलणं म्हणजे ‘चहा’ आणि ‘टॉवेल’. इथे या बायका, ना ओळख ना पाळख, तिच्या डोळ्यांकडे बघून ऐकत होत्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता तिने चांगल्या जित्याजागत्या नवऱ्याला मारून ठेवलं. मग रात्री त्याच्या घोरण्याकडे कान लावून पडायची. घोरणं थांबलं की उठून बसायची.

लिफ्ट खाली निघाली. आता खोटारडी म्हणून हाकलतील. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मिळवलेल्या मैत्रिणी, त्याही गेल्याच म्हणायच्या. साहेबांना कारण काय सांगायचं, ते आणखी वेगळंच. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

कॅफेचं दार उघडलं. तिघी हिच्याकडे बघून हसल्या, मग मागून लंगडत येणाऱ्या साहेबांकडे टक लावून बघायला लागल्या. आजीच्या सुया थांबल्या. साहेबांच्या पायात कळ आली असावी. त्यांनी टेकायला म्हणून जवळची खुर्ची ओढली.

खुर्ची हिच्यासाठीच, असं वाटून फुलवालीने टाळी वाजवली. मग मालकिणीनेही. तीन बायका कौतुकाने टाळ्या पिटायला लागल्यावर माणूस करणार काय? साहेबांनी ओढलेली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. “बस,” म्हणाले. कधी नव्हे ते, आधी ती बसली आणि मग ते.

मालकिणीने न मागता केकचा मोठा तुकडा आणला, त्यावर दोन चमचे. आजी उठली. तिने साहेबांना डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. मग छताकडे बोट करून खांदे उडवले, साहेबांकडे बोट करून अंगठा उंचावला आणि हिचा गालगुच्चा घेतला. तिला सगळं कळलं. हसू दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

साहेब खुशीत होते. त्यांनी केकचा पहिला चमचा तिच्यापुढे धरला. “काय म्हणतायत गं या?”

“म्हणतायत, पहिल्यापेक्षा हा बरा आहे.”

“पहिला? पहिला कोण?”

“होता एक,” तोंडातला केक सावकाश संपवत ती म्हणाली, “गेला परवा.”