हिरवा हापसा

हापशाच्या तोंडाचा हिरवा रंग अजून हाताला लागत होता आणि पाहुणे मेघना नदीच्या बांधावरून येताना दिसले.

"अहो, हे तर दुपारच्या नमाजानंतर येणार होते ना!" मोनोवारा ओरडलीच. ब्रश अजून तिच्या हातात होता.

"मुलाच्या आईला भारी घाई दिसतेय," तोफाज्जल म्हणाला. "आधी तो ब्रश लपव, शेफालीची आई. आणि नाकावरचा रंग पूस."

मोनोवाराने ब्रश पेंढ्यात खुपसला आणि पदराने नाक पुसलं. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. कितीतरी दिवसांत तिच्या अंगणात अशी धांदल उडाली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पाणी तपासणारे आले होते. त्यांची पट्टी तपकिरी झाली, त्यांनी हापशाचं तोंड लाल रंगवलं आणि ते पुढच्या घरी गेले. पाण्यात आर्सेनिक निघालं होतं; लाल म्हणजे विषारी, हिरवा म्हणजे पिण्याजोगा. त्या दिवसापासून शेफाली पिण्याचं आणि रांधायचं पाणी मैलभरावरच्या मदरशाच्या खोल हापशावरून आणत होती. त्या विषाने तळहातावर डाग उठतात, पण तिच्या हातावर एकही नव्हता. तरी बघायला येणारे हात नंतर बघत, हापसा आधी. दोन स्थळं लाल रंग बघून अंगणातूनच माघारी गेली. हे विष रक्तात उतरतं, नातवंडांनाही लागतं म्हणे! दुसरं स्थळ फिरल्यावर शेफाली चार दिवस कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आता हे तिसरं मोडलं तर मध्यस्थ कुद्दुस पुन्हा या घराची पायरी चढणार नव्हता. तसं त्याने तोंडावर सांगून टाकलं होतं.

आणि स्थळ होतंही तसंच, हातचं जाऊ देऊ नये असं. गेल्या महिन्यात नवराबायको मुलाचं घर बघून आली होती. नवंकोरं पत्र्याचं छप्पर, दारात हिरवाकंच हापसा, आणि पाहुणचार तर विचारू नका. टेकल्याटेकल्या शहाळं, जेवण झाल्यावर शहाळं, निघताना पुन्हा शहाळं.

म्हणून आज पहाटे तोफाज्जलला माडावर चढावं लागलं होतं. "इतकी शहाळी? वरात येतेय की काय?" तो वरून कुरकुरत होता.

"त्यांनी आपल्याला तीन-तीन दिली. आपण काय कमी आहोत?" मोनोवाराने खालून ठणकावलं होतं. शिवाय मदरशाच्या पाण्याच्या दोन घागरी भरून झाकून ठेवल्या होत्याच.

पाहुणे अंगणात शिरले. पुढे मुलाची आई जोहुरा बेगम, ठेंगणी, तोंडात पान. मागे मुलगा आनिस आणि त्याच्या मागे कुद्दुस.

"मी सांगितलं होतं ना भाभी, हापसा हिरवा आहे म्हणून!" कुद्दुस घाईघाईने जोहुराला म्हणाला आणि मग त्याचं हापशाकडे लक्ष गेलं. त्याने मोनोवाराकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "हिरवाच आहे की," तो पुटपुटला.

जोहुरा मात्र हापशाकडे बघतच राहिली.

"दारात हिरवा हापसा. नशीब लागतं हो."

"तुमच्याही दारात आहेच की, आपा."

"आहे ना," म्हणत जोहुरा पानाची पिंक टाकायला वळली.

शेफाली पिठे, म्हणजे गुळखोबरं भरलेले तांदळाचे वाफाळते उंडे, घेऊन आली. जोहुराने तिचे तळहात उन्हाकडे वळवून पाहिले, बोटं चाचपली आणि तिला शेजारी बसवून घेतलं. आनिसने एक पिठा तोंडात कोंबला आणि त्याला ठसका लागला. शेफाली ओठ दाबून हसली. शहाळी फुटली. कुद्दुस तर लग्नासाठी बोटांवर माघातले शुक्रवार मोजू लागला. मोनोवाराला उठून नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात जोहुरा उठली. "गुळाने तोंड गोडमिट्ट झालं. घोटभर पाणी पिते."

"घागरीतलं देते ना, आपा. गार आहे."

"दारात हिरवा हापसा असताना घागरीतलं कशाला?"

मोनोवारा उठेपर्यंत जोहुरा हापशाशी पोचलीही होती. एका हाताने तिने दांडा दाबला, दुसरा तळहात हापशाच्या तोंडाला लावला. पाणी भसाभसा आलं. भरलेला तळहात ओठांकडे निघाला.

एक घोटच तर आहे, मोनोवाराच्या मनात आलं. एका घोटाने कुणाला काय होतंय? शेफालीचे ते मुके चार दिवस तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पण तिचे पाय केव्हाच धावले होते. तिने जोहुराच्या हातावर फटका मारला. पाणी मातीत सांडलं.

"पिऊ नका! लाल आहे तो. सकाळी मीच रंगवलाय."

तोफाज्जल जागच्या जागी उकिडवा बसला. कुद्दुस आपल्या चपला शोधू लागला. शेफालीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"घोटभराने काही होत नाही, मला माहीत आहे," मोनोवारा म्हणाली. "पण माझ्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत... नाही जमलं मला. मुलीचा यात काही दोष नाही, आपा. आमचं पाणी ती मैलभरावरून आणते."

जोहुराने तळहात उघडून पाहिला. तो हिरवागार झाला होता. तिने आनिसकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याचे खांदे हसण्याने हलत होते.

जोहुराने पेंढ्याची मूठ उचलली आणि सावकाश हात पुसला.

"रंगाला दोन दिवस ऊन दाखवावं लागतं, विहीणबाई," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी आम्ही आमच्या हापशाला दाखवलं होतं."