चुकू न देणारा पियानो

दुकानातल्या सातव्या डिजिटल पियानोवर ओळखीची धून वाजवताना फिलोमिना रिबेलो यांनी मुद्दाम भलतीच पट्टी दाबली. पट्टीला खऱ्या लाकडी पियानोच्या पट्टीसारखं वजन होतं, आवाजही तसाच भरदार. सूर मात्र अचूक वाजला.

"हाही सुधारून वाजवतोय!" त्या कडाडल्या. "हे बंद करायचं बटण कुठंय?"

"नसतं मॅडम. चुकीच्या सुरांना सगळ्या सोसायट्यांत बंदी आहे ना," विक्रेता म्हणाला.

"मग माझ्या विद्यार्थ्यांना आपली चूक कळणार कशी?"

"अहो, ते चुकणारच नाहीत!"

संतापून त्यांनी दोन्ही मुठी पट्ट्यांवर आदळल्या. पियानोतून हळुवार अंगाई उमटली.

शेजारच्या गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या. "काय हात आहे मॅडम! आमच्या मुलीला शिकवाल?"