वरच्या कुरणावरचा गोठा

"माझ्या तोंडून गोठा हलायचा नाही," ओझ्बाल्ट म्हणाला आणि टेबलावर पसरलेला नकाशा त्याने येरित्साकडे परत सरकवला.

येरित्सा त्याची एकुलती एक मुलगी. मारिबोर शहरातली चांगली नोकरी सोडून ती डोंगरावरच्या या शेतावर परत आली, त्याला दोन वर्षं झाली होती. मांसासाठी पाळलेली चौदा मोठी तांबूस गुरं, त्यांची वासरं आणि ओढ्याकाठचा तिच्या पणजोबांच्या वेळचा गोठा, एवढा सगळा कारभार. गोठ्यात ओल इतकी की गेल्या हिवाळ्यात खोकून खोकून चार वासरं गेली. पाचव्याने तिच्या मांडीवर जीव सोडला. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं होतं, नवा गोठा वरच्या कुरणावर. उंच छपराचा, वारा खेळणारा, गुरं आत मोकळी फिरतील असा.

"खालीच बांधायचा असेल तर खुशाल बांधा," ती म्हणाली. "पण मग मी मारिबोरला चालले. मला आणखी वासरं पुरायची नाहीत."

"जाऊ दे तिला," चुलीशेजारून फ्लोर्यान म्हणाला. "नकाशा पण ने म्हणावं सोबत."

फ्लोर्यान हा ओझ्बाल्टचा थोरला भाऊ. वरचं कुरण दोघा भावांच्या नावावर होतं. त्याने होकार दिल्याशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकता येत नव्हती, आणि त्याची मान आयुष्यभर आडवीच हलत आलेली.

"बापाला मरताना शब्द दिलाय आपण दोघांनी," तो म्हणाला. "गोठा ओढ्याकाठीच राहील."

"म्हणून तर म्हटलं, माझ्या तोंडून हलायचा नाही." ओझ्बाल्टने पाइप झटकला. "पण राहायचंय कुणाला? गुरांना. त्यांनाच विचारू. आजोबांनी खालची जागा अशीच ठरवली होती की नाही?"

ते खरं होतं. या डोंगरावर जुने लोक गोठ्याची जागा गुरांकडूनच काढून घेत. रात्रभर त्यांना मोकळं सोडायचं. सकाळी ती जिथे बसलेली सापडतील ती जागा कोरडी आणि आडोशाची. अशा लागोपाठ तीन सकाळी, साक्षीदारासमोर.

फ्लोर्यान एकदम खुशीत आला. जन्मभर ओढ्याकाठी बसलेली गुरं तो चढ कशाला चढतात?

"रोज सहाला मी स्वतः येणार," तो म्हणाला. "तिन्ही दिवस वर दिसली तर सही करतो. एक दिवस जरी खाली दिसली, तर हा कागद चुलीत."

त्याच संध्याकाळी येरित्सा कोटाच्या खिशात मीठ भरून वर गेली. मिठासाठी गुरं वेडी होतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कुरणातल्या सपाट दगडांवर तिने मूठमूठ मीठ टाकलं. गुरं ते चाटूनपुसून साफ करतात, मागे काही खूण राहत नाही. घरी येताना ती स्वतःवर भलतीच खूश होती.

सकाळी चौदाच्या चौदा गुरं वर बसून रवंथ करत होती.

फ्लोर्यानने ती दोनदा मोजली. "थंडी पडलीय," तो म्हणाला. "उद्या बघू."

त्या संध्याकाळी तिने पुन्हा मीठ टाकलं, आणि दुसऱ्या सकाळीही तेच. फ्लोर्यान या वेळी दगडांमधून काठी आपटत फिरला, वाकून वाकून बघत राहिला. तेवढ्यात येरित्साला कुंपणापाशी बाबा दिसले. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत दवाने भिजली होती.

"तुम्ही कधी उठलात?"

"म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली," ओझ्बाल्ट म्हणाला आणि दगडांकडे बघत राहिला.

ती पुरती घाबरली. बाबा पाळत ठेवून होते, यात शंकाच नव्हती. लबाडी उघडी पडली तर काका कागद जाळणारच होता, पण त्याचं तिला एवढं वाटलं नाही. बाबा पुन्हा कधी तिच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, याची तिला भीती वाटली. त्या संध्याकाळी ती मीठ घेऊन गेलीच नाही. सकाळी काकाच्या मागोमाग चढताना तिने मनातल्या मनात मारिबोरच्या गाडीची वेळसुद्धा आठवून ठेवली.

गुरं वरच होती. चौदाच्या चौदा.

येरित्साला रडू आवरेना. मिठाशिवाय, कुणी न बोलावता ती वर आली होती. तिचं म्हणणं खरं होतं आणि ते गुरांनी सांगितलं होतं.

"गुरांपुढे मी काय बोलणार," फ्लोर्यान पुटपुटला. नकाशा कुंपणाच्या खांबावर धरून त्याने सही केली.

मे महिन्यात छप्पर चढलं. बत्तीस मीटर लांब गोठा, आढ्यापाशी वाफ बाहेर जायला फट, वासरांना दक्षिणेकडची उन्हाची बाजू. सुतारांनी रीतीप्रमाणे आढ्यावर सूचिपर्णी झाडाचा रंगीत फितींनी सजवलेला शेंडा ठोकला, आणि मालकाने रीतीप्रमाणे सगळ्यांना जेवण घातलं. सॉसेज, अक्रोडाची पोळी, सफरचंदाच्या दारूचे घडेच्या घडे. जागा वरचीच हवी असं आपण पहिल्यापासून म्हणत होतो, हे फ्लोर्यान भेटेल त्याला सांगत सुटला होता. त्या वर्षी हिवाळाभर एकही वासरू दगावणार नव्हतं, अशी येरित्साची खात्री होती आणि ती खात्री तिच्या चालण्यात दिसत होती.

बाबा एका तुळईवर पाय लांब करून बसले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"बाबा, एक सांगायचंय. हवं तर रागवा. पहिले दोन दिवस मी वर मीठ टाकलं होतं."

ओझ्बाल्ट सॉसेज कापत राहिला.

"तिसऱ्या दिवशी नाही हं," ती घाईने म्हणाली. "त्या दिवशी ती आपणहून चढली. तेवढं मात्र खरं."

ओझ्बाल्टने फ्लोर्यान लांब आहे ना, ते एकदा बघून घेतलं.

"मीठ चाटलेलं जनावर तहानेने ओढ्याकडेच पळतं, पोरी," तो हळूच म्हणाला. "तिन्ही दिवस ती खालीच होती. चौदा गुरं वर हाकून सहाच्या आत बसवायची, तर मला चारला उठावं लागायचं."